पुसण्याआधी मोजा: पुरातत्त्व संचालनालयाला एक खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन
तसेच राज्यातील लहानमोठ्या वस्तुसंग्रहालयांचे अभिरक्षक आणि विश्वस्त

स. न. वि. वि.

कोल्हापुरात गुजरीतल्या बऱ्यापैकी सराफाकडे जुनी पाटली मोडायला न्या. पूर्वी तो ती कसोटीच्या दगडावर घासायचा, आता काउंटरमागच्या छोट्या पेटीत ठेवून झाकण लावतो. चहा येईपर्यंत पडद्यावर सोने किती, चांदी किती, तांबे किती हे आकडे आलेले असतात आणि पाटलीवर ओरखडाही नसतो. भंगाराचे मोठे व्यापारी पिस्तुलासारखे दिसणारे यंत्र स्टीलला टेकवतात आणि कोणता ग्रेड ते सांगून भाव करतात. शिरोलीच्या फाउंड्रीत वितळलेल्या धातूचा नमुना 'स्पेक्ट्रो'वर गेल्याशिवाय साच्यात थेंब पडत नाही. म्हणजे जी वस्तू उद्या वितळून जाणार आहे तिचा धातू आपण आज मोजतो. जी वस्तू पुन्हा कधीच घडणार नाही तिच्या पाटीवर मात्र 'धातू: ब्राँझ (?)' असे लिहून मोकळे होतो. ते प्रश्नचिन्ह मी आपल्या जिल्ह्या-तालुक्यांच्या कितीतरी संग्रहालयांत पाहिले आहे. पत्राचा विषय तेवढाच.

ओतीव भाग न फोडता, न कापता तपासायचे, हे माझे आयुष्यभराचे काम. आम्ही त्याला 'एनडीटी' म्हणतो. ब्लोहोल (ओतताना आत राहिलेली हवेची पोकळी) कुठे आहे, भिंत कुठे पातळ पडली आहे, मिश्रधातू ठरल्याप्रमाणे आहे का, हे रेडिओग्राफी, अल्ट्रासॉनिक आणि एक्सआरएफने (क्ष-किरण टाकून वस्तूतली मूलद्रव्ये ओळखण्याच्या पद्धतीने) पाहायचे. निवृत्तीनंतर पाय आपोआप वस्तुसंग्रहालयांकडे वळले, आणि तिथे काचेमागे जे दिसले त्याने झोप उडवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. वस्तू उत्तम आहेत, त्यांची माहिती दरिद्री आहे.

सगळ्यात आधी, एका संग्रहालयात (नाव घेत नाही) पाहिलेली गोष्ट. बडे पाहुणे येणार म्हणून तिथल्या तांब्या-पितळेच्या मूर्ती चिंच लावून घासून काढल्या होत्या. लखलखत होत्या. करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, देवघरातली भांडी आपण तशीच उजळतो. पण जमिनीतून निघालेल्या तांब्याच्या वस्तूवर धातूला चिकटून लालसर क्युप्राइटचा थर असतो आणि त्याच्यावर हिरव्या मॅलाकाइटचा. हे थर म्हणजे मळ नव्हे. ते शेकडो वर्षांत हळूहळू धातूच्या कणांच्या फटींतून आत उतरलेले असतात. वस्तू खरोखर जुनी की कोणी आम्लात बुडवून 'जुनी' केलेली, हे ओळखण्याची पहिली खूण तीच. कित्येकदा या थरात कापडाची वीण, लाकडाची रेष, धान्याच्या तुसाचा ठसाही राहिलेला असतो. चिंचेने तो पुरावा दहा मिनिटांत नाल्यात गेला. फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके दिसले, म्हणजे क्लोराइडने धातू आतून खायला सुरुवात केली असली, तर उपचार करावाच लागतो, हे मान्य. पण उपचाराआधी मोजणी आणि फोटो नकोत का?

आता ज्या प्रकरणासाठी पेन उचलले त्याकडे येतो.

१९७४ साली अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबादला, झाडाचे मूळ खणताना गावकऱ्यांना चार ओतीव वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. रथ साधारण ४५ सेंटीमीटर लांब. त्यात एक माणूस ताठ उभा, दांडीवर कुत्रा. चारही वस्तू भरीव. ओतकामात जन्म गेलेल्या माणसाला विचारा, एवढी जाड आणि भरीव वस्तू तडा न जाता ओतणे म्हणजे काय. मेण-साच्याच्या कामात जाड भाग थंड होताना आतून आक्रसतो आणि पोकळी पडते. ती न पडू देणारा कारागीर सामान्य नव्हता.

पण कारागीर कधीचा? इथेच भांडण आहे. एम. एन. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी या दायमाबाद खणलेल्या मंडळींनी परिस्थितीजन्य पुराव्यावरून या वस्तू उत्तरकालीन हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या काळातल्या मानल्या. प्राचीन धातूंचे अभ्यासक डी. पी. अग्रवाल यांनी धातूचे विश्लेषण पाहिले. त्यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त होते, आणि दख्खनच्या इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत आर्सेनिकची अशी मिसळ सापडलेली नव्हती. म्हणून त्यांचे मत पडले की या वस्तू बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या असाव्यात. एकीकडे इसवी सनापूर्वीचे दुसरे सहस्रक, दुसरीकडे त्याच्या हजारभर वर्षांनंतरचा काळ. आपल्या भूमीतल्या सर्वांत देखण्या प्राचीन ओतकामाचा काळ एका मूलद्रव्याच्या एका टक्क्यावर अडून बसला आहे.

वस्तू शास्त्रशुद्ध उत्खननातल्या थरातून निघाल्या नसल्याने माती याचा निकाल देणार नाही. निकालाच्या जवळ नेऊ शकतो तो धातूच. अग्रवालांचा युक्तिवाद नीट पाहिला तर तो दोन पायांवर उभा आहे. या चार वस्तूंत आर्सेनिक आहे हा पहिला पाय, आणि इतर वस्तूंत ते नाही हा दुसरा. पहिला पाय घट्ट असेल. दुसरा किती घट्ट, हे इतर किती वस्तू मोजल्या, कशा मोजल्या, यावर अवलंबून आहे. जोर्व्याच्या तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी, चांडोलीची तांब्याची कट्यार, नेवासे आणि इनामगावचे मणी, बांगड्या, गळ, छिन्न्या: हे सगळे एकाच पद्धतीने, एकाच प्रमाण-नमुन्याशी (घटक आधीच पक्के ठाऊक असलेल्या तुकड्याशी) ताडून मोजलेले असावे आणि कोणालाही पाहता यावे, तर वाद पुढे सरकेल. कदाचित अग्रवाल बरोबर ठरतील. कदाचित आर्सेनिकवाले तांबे कुठल्यातरी गावात निघेल आणि साळींचे पारडे जड होईल. मला दोन्ही चालेल. पन्नास वर्षे तेच दोन परिच्छेद पुस्तकांतून पुन्हा छापले जात राहावेत, हे चालत नाही.

उद्या कोणी उत्साहाने एक्सआरएफची 'गन' घेऊन जाईल आणि रथाला टेकवून आकडा सांगेल. तेव्हा काय गडबड होऊ शकते तेही सांगून ठेवतो, कारण माझी भीती यंत्र नसण्याइतकीच यंत्र चुकीच्या हातात असण्याचीही आहे. या यंत्रातून निघालेला क्ष-किरण वस्तूवर आदळला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक ऊर्जेचा किरण परत फेकते. तांब्याची रेष ८.०५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर येते, ती कोणीही ओळखेल. आर्सेनिकची मुख्य रेष येते १०.५४ वर, आणि शिशाची १०.५५ वर. म्हणजे पडद्यावरच्या आलेखात दोन्ही एकमेकांवर बसून एकच डोंगर दिसतो. मिश्रधातूत थोडे शिसे असले, आणि जुन्या ओतकामात ते पुष्कळदा असते, तर यंत्रातला संगणक त्या डोंगराची आपल्या मनाने वाटणी करतो आणि आर्सेनिकचा आकडा खाली-वर होतो. जाणकार माणूस त्या डोंगराकडे पाहतच नाही. तो ११.७३ वरची आर्सेनिकची दुय्यम रेष आणि १२.६१ वरची शिशाची रेष शोधतो, मग बोलतो. दायमाबादचा सगळा वाद ज्या मूलद्रव्यावर, नेमके तेच मूलद्रव्य यंत्राला सगळ्यात सहज फसवते! म्हणून नुसता छापील आकडा फायलीला लावून भागत नाही. मूळ वर्णपटाची (त्या सगळ्या रेषांच्या आलेखाची) फाइल जपली पाहिजे, म्हणजे वीस वर्षांनी दुसरा कोणी ती उघडून आपला हिशेब तपासू शकेल.

दुसरी मर्यादा खोलीची. एक्सआरएफ केसाच्या जाडीइतकेही आत पाहत नाही. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ढीग सापडला, १३,२५० हून जास्त नाणी. त्यांपैकी ९,२७० च्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. सातवाहन-क्षत्रप झगड्याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. साहजिकच वाटते की नाणी गनखाली धरावीत आणि नहपानाच्या खजिन्यात चांदीची भेसळ वाढत गेली का ते पाहावे. पण चांदी-तांब्याचे नाणे दोन हजार वर्षे मातीत राहिले की वरच्या थरातले तांबे झिरपून जाते आणि पृष्ठभाग चांदीने समृद्ध होतो. टांकसाळीत नाणे आम्लात धुतले असेल तर तेव्हापासूनच. वर ९५ टक्के चांदी दिसेल, आत ८० असू शकेल. हे माहीत नसलेला माणूस 'नहपानाची नाणी अत्यंत शुद्ध' असे छापून मोकळा होईल. यावर उपाय आहेत. नाण्याच्या झिजलेल्या कडेवर आणि खोलगट भागात वेगवेगळी मोजणी करायची, घनता काढायची, खोलवर शिरणारी पद्धत वापरायची. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कुठे मोजले त्याचा फोटो ठेवायचा.

त्यात आणखी एक भर. हातातल्या गनला हलकी मूलद्रव्ये नीट दिसत नाहीत. सोडियम तर नाहीच. तेरला, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या शासकीय संग्रहालयात काचेचे मणी आहेत. भारतात बनलेल्या जुन्या काचेत ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) पुष्कळ असते, रोमन काचेत कमी. तेव्हा मणी इथले की समुद्रापलीकडून आलेले, हे काचेच्या रसायनावरून बरेचसे कळते. पण ॲल्युमिनियमचा क्षीण किरण हवेतच विरतो, त्याला हेलियम किंवा निर्वात लागतो. तांब्यासाठी घेतलेले यंत्र मण्यांवर तसेच चालवले तर मणी निरुत्तर राहतात, आणि अहवालात लिहिले जाते 'सिलिका आढळली'. काचेत सिलिका आढळली! शाबास.

संचालक महोदय, 'वस्तूला हात लावत नाही, म्हणजे वस्तूला इजा नाही' हा समजही सोडायला हवा. मातीचे भांडे किंवा मूर्तीच्या पोटातला मातीचा गाभा किती जुना, हे तापदीप्ती पद्धतीने ठरवता येते. मातीतल्या खनिजांनी भाजल्यापासून आजवर किती किरणोत्सर्ग साठवला ते त्यात मोजतात. त्याच वस्तूची आधी एक्स-रे किंवा गॅमा रेडिओग्राफी केली तर आपण तिच्यात कृत्रिम मात्रा भरतो आणि हिशेब बिघडतो. म्हणून क्रम ठरवावा लागतो: आधी तापदीप्तीचा कणभर नमुना, मग किरणे. रामन यंत्राच्या (लेझर टाकून रंगद्रव्य ओळखणाऱ्या यंत्राच्या) लेझरची ताकद चुकून जास्त राहिली तर चित्रातल्या गडद रंगावर करपल्याचा सूक्ष्म डाग पडतो. न्यूट्रॉनच्या माऱ्यानंतर वस्तू काही काळ किरणोत्सारी राहू शकते. आणि या सगळ्यांपेक्षा जास्त नुकसान होते ते टेम्पोत, खड्ड्यांत, गवत भरलेल्या खोक्यात.

तेव्हा वस्तूने प्रयोगशाळेत जाण्यापेक्षा प्रयोगशाळेने वस्तूकडे यावे. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातले अँटिकिथेराचे यंत्र (प्राचीन ग्रीकांचे दातेरी चाकांचे खगोलयंत्र) हलवण्याजोगे नव्हते, म्हणून २००५ मध्ये आठ टनांचे क्ष-किरण सीटी यंत्र संग्रहालयात आणले गेले आणि गंजलेल्या गोळ्याच्या पोटातली दातेरी चाके व अक्षरे वाचली गेली. युरोपात 'मोलॅब' नावाची फिरती प्रयोगशाळा आहे. यंत्रे गाडीत भरून माणसे चर्चमध्ये, संग्रहालयात जातात. कैरोत तुतनखामेनच्या खंजिराचे पाते एक्सआरएफने मोजले, निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निकेल जवळजवळ ११ टक्के, कोबाल्ट सुमारे ०.६ टक्के. लोखंड उल्केतले होते हे एका चिमुकल्या यंत्राने सांगितले, खंजीर इजिप्त सोडून कुठे गेला नाही.

महाराष्ट्राला आठ टनांचे काही नको आहे. एक बऱ्यापैकी गाडी हवी. तीत एक चांगली एक्सआरएफ, एक रामन, एक सूक्ष्मदर्शक, अवरक्त प्रकाश टिपणारा कॅमेरा, अतिनील दिवा, प्रमाणित मिश्रधातूंच्या चकत्यांचा डबा आणि दोन शिकलेली माणसे. ही गाडी तेर, पैठण, औंध, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंदखेडराजा, नागपूर अशी फिरावी, एसटीसारखी, वेळापत्रक लावून. रत्नागिरीला ज्यांना आपल्या मंदिरातली मूर्ती दाखवायची आहे त्यांना तारीख आधी कळावी.

अतिनील दिव्याचा उल्लेख मुद्दाम केला, कारण तो स्वस्त आहे. अंधारात चित्रावर टाकला की जुने व्हार्निश हिरवट चमकते, शेलॅक नारिंगी दिसते, आणि नंतर लावलेला रंग काळपट डागासारखा उठून येतो. १९२०–२२ मध्ये निजामाने अजिंठ्याला इटालियन जीर्णोद्धारकांना बोलावले. त्यांनी भिंतींवर शेलॅक चढवले आणि पुढे ते पिवळे-तपकिरी होऊन रंग झाकू लागले, हे आपण जाणताच. अजिंठा केंद्राच्या अखत्यारीत आहे, तुमच्या नाही. पण मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत. तिथे हा दिवा नेण्यास दिल्लीची परवानगी घेत बसावे लागणार नाही.

आता औंध. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत. बाजारात मात्र 'रविवर्मा' म्हणून काय काय फिरते ते सर्वांना माहीत आहे. रविवर्मा १९०६ मध्ये वारले. टायटॅनियम पांढरा रंग चित्रकारांच्या हाती आला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर. म्हणून रविवर्म्याच्या नावावरच्या चित्रातल्या साडीच्या पांढऱ्या काठात टायटॅनियम निघाले तर भुवया उंचावाव्यात. लगेच 'बनावट' मात्र म्हणू नये. कदाचित १९५० साली कोणी तेवढाच काठ दुरुस्त केला असेल. पाच-सहा जागी मोजून, अतिनील प्रकाशाशी जुळवून मगच मत द्यावे. येल विद्यापीठाने आपला प्रसिद्ध 'विनलँड नकाशा' (कोलंबसाआधीच अमेरिका दाखवणारा म्हणून गाजलेला) असाच तपासला. शाईत जागोजाग विसाव्या शतकातले टायटॅनियम दिसले आणि २०२१ मध्ये त्यांनीच जाहीर केले की नकाशा खोटा. अस्सल चित्रांचे आकडे आपल्याकडे नोंदवलेले असतील, तरच बाहेरच्या नकला पकडता येतील. औंधची चित्रे मोजायची ती त्यांच्यावर संशय आहे म्हणून नाही, ती अस्सल आहेत म्हणून.

हाच न्याय मूर्तिचोरीला लागतो. दक्षिणेत कल्पाक्कमच्या अणुसंशोधन केंद्राने चेन्नईच्या शासकीय संग्रहालयाबरोबर दाक्षिणात्य ब्राँझ मूर्तींची गॅमा रेडिओग्राफी केली. मूर्तीच्या आतल्या पोकळ्या, ओतताना राहिलेले दोष, जोड, हे सगळे बोटांच्या ठशासारखे असते. बाहेरून हुबेहूब नक्कल करता येईल, आतले ब्लोहोल कोण जुळवणार? आपल्या मंदिरांतल्या उत्सवमूर्तींचे असे ठसे घेऊन ठेवले तर परदेशी लिलावात मूर्ती उभी राहिली तेव्हा 'ही आमचीच' म्हणायला आधार राहील. आज आपल्याकडे बहुतेक वेळा असतो तो एखाद्या लग्नातला, फुलांनी झाकलेल्या मूर्तीचा फोटो.

यंत्राला काय विचारू नये, हेही या पत्रात हवे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून वाघनखे साताऱ्यात आली. ती अफजलखानाच्या भेटीत वापरलेलीच आहेत असे सिद्ध करता येत नाही, असे त्या संग्रहालयाने स्वतःच सांगितले आहे. त्यावर आपल्याकडे बरेच रणकंदन झाले आणि काहींनी 'वैज्ञानिक चाचणी करा' अशी मागणी केली. चाचणी पोलादाची जात सांगेल, घडण सांगेल, डाग-दुरुस्ती सांगेल. ती कोणाच्या हातात होती ते कोणताही किरण सांगणार नाही. ते दफ्तराचे काम. विज्ञानाकडून भलते वदवून घ्यायला निघालो की खरे उत्तरही लोक ऐकेनासे होतात. त्या मानाने २०२५ मध्ये शासनाने लंडनच्या लिलावातून सोडवून आणलेल्या रघुजी भोसल्यांच्या तलवारीला विचारण्यासारखे खूप आहे. पाते युरोपीय घडणीचे मानले जाते. ब्रिटनमध्ये न्यूट्रॉन विवर्तनाने (आरपार जाणाऱ्या न्यूट्रॉनवरून धातूची आतली रचना ओळखून) भारतीय तलवारींतले कार्बनचे प्रमाण आणि घडाईची पद्धत न कापता वाचली गेली आहे. न्यूट्रॉन आपल्याकडे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, ध्रुव अणुभट्टीत आहेत. त्यासाठी तलवार राज्याबाहेर न्यायला नको.

शुद्ध सोवळेपणाचाही मी भोक्ता नाही. काही प्रश्नांना टाचणीच्या डोक्याएवढा नमुना लागतोच. शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) धातू कोणत्या खाणीतला हे शोधायचे तर अजून तरी बहुधा कणभर धातू द्यावा लागतो. पुरातत्त्वीय धातूंच्या अभ्यासक शारदा श्रीनिवासन यांनी दक्षिण भारतीय मूर्तींवर केलेले महत्त्वाचे काम अशाच सूक्ष्म नमुन्यांवर उभे आहे. मूर्तीच्या बैठकीखाली, न दिसणाऱ्या जागी, लेखी परवानगीने घेतलेला कण हा गुन्हा नव्हे. 'हात लावू नका' हे वाक्य काही ठिकाणी जपणुकीचे असते, काही ठिकाणी निव्वळ फाइल टाळण्याचे.

आमच्या गावच्या टाऊन हॉल संग्रहालयातला पोसायडन हे अशा तपासणीचे चांगले उदाहरण होईल. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेला हा रोमन काळातला समुद्रदेव, त्याच्याबरोबरचे सुरईसारखे भांडे, आरसा. त्या साठ्यातले भूमध्य समुद्राकडून आलेले कोणते आणि इथल्याच ओतकाऱ्याने पाहून केलेले कोणते, यावर तज्ज्ञ नुसत्या डोळ्यांनी भांडत आले आहेत. पंचगंगेच्या काठी, जिथे आज शेकडो फाउंड्रीवाले रोज धातू मोजतात, तिथे हा प्रश्न धातूला नीट विचारला जावा. शिसे किती, जस्त आहे का, भिंत किती जाड, हात वेगळा ओतून जोडला आहे का. आधी किरणे लावायची का नमुना घ्यायचा, हे मात्र वर सांगितले त्या क्रमाने ठरवावे.

आता रोकडे बोलतो. यंत्रखरेदीची निविदा निघाली की कामाचा निम्मा उत्साह संपतो, हे सरकारी कारभार बाहेरून पाहणाऱ्यालाही कळते. यंत्र येते, उद्घाटन होते, चालवणाऱ्याची बदली होते, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांची पूर्तता कोणी करायची यावर कागद फिरतात, बॅटरी मरते आणि यंत्र कपाटात जाते. म्हणून आधी पदे भरा. रसायन, भौतिकी किंवा धातुशास्त्र शिकलेली आणि पुरातत्त्व समजून घ्यायला तयार असलेली दोन-चार मुले-मुली नेमा. डेक्कन कॉलेज पुण्यात आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र मुंबईत आहे, आयआयटी पवईला आहे. शिकवायला माणसे मिळतील. लखनौची राष्ट्रीय संवर्धन संशोधन प्रयोगशाळाही याच कामासाठी आहे.

दुसरे, एक साधे परिपत्रक काढा: कोणत्याही धातू, काच, चित्र वा रंगीत वस्तूची साफसफाई तिची मोजणी आणि छायाचित्रण झाल्याशिवाय करू नये. याला पैसे लागत नाहीत. सही लागते.

तिसरे कोषागाराबद्दल. १८७८ च्या निखात निधी कायद्याने शेतात सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्याकडे जातो आणि पुढे त्याची वाटणी, किंमत, लिलाव, संग्रहालय अशी वाट लागते. हंडा एकदा फुटला की नाणी एकत्र कशी होती, कोणती तळाला, कोणती वर, कोणत्या मातीने चिकटलेली, ही माहिती परत मिळत नाही. ठेवा कोषागारात असतानाच, हंड्यासह, पहिली मोजणी व्हावी. जिल्हाधिकाऱ्यांना हे सुचवणारे पत्र तुमच्या सहीने जाऊ शकते.

आणि चौथे, आकडे लपवू नका. दाखल क्रमांक, मोजणीची जागा फोटोवर खुणेसह, यंत्राचे नाव, किती वेळ मोजले, कोणत्या प्रमाण-नमुन्याशी ताडले, आणि मूळ वर्णपट. एवढे संचालनालयाच्या संकेतस्थळावर सर्वांना खुले ठेवा. संशोधकाला अर्ज, शिफारस, पुन्हा अर्ज अशा चकरा मारायला लावून कोणाचे भले होत नाही.

पहिल्या वर्षी सगळे करायला जाऊ नका, काहीच होणार नाही. फक्त राज्यातल्या ताम्रपाषाणयुगीन तांब्याच्या वस्तू घ्या. त्या थोड्या आहेत, लहान आहेत, आणि दायमाबादचा प्रश्न त्यांच्यावर अडला आहे. ज्या वस्तू केंद्राच्या किंवा विद्यापीठांच्या ताब्यात आहेत त्यांच्यासाठी तुम्ही विनंती केलीत तर नकार मिळण्याचे कारण मला दिसत नाही.

गाडी कोल्हापूरला आली तर मला कळवावे. मी येईन, मानधन नको, प्रवासखर्चही नको. प्रमाण-चकत्या कमी पडल्या तर इथल्या दोन फाउंड्रींकडून मागून आणण्याची जबाबदारी माझी. त्या बदल्यात १०.५ च्या डोंगराची मूळ फाइल मला घरी नेऊन वाचू द्यावी, एवढीच अट आहे.

कळावे,
आपला,
ओतकामाची तपासणी केलेला एक निवृत्त कामगार, कोल्हापूर